लहान आतड्यातील पचनाचा वेग आणि व्यक्तिगत शरीरभेद : वऱ्हाडातील आहार व आरोग्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वऱ्हाडात देवस्थानाच्या आवारात किंवा शेतात रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते. वाढप एकच, जेवणाची वेळही एकच. तरी संध्याकाळी एकाला पुन्हा भूक लागलेली असते, दुसऱ्याचे पोट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जड राहते आणि तिसऱ्याला रात्रीच शौचास जावे लागते. 'याचा कोठा हलका, त्याचा जड' असे म्हणून लोकभाषेने या भेदाची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. आयुर्वेदानेही मृदू, मध्य व क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार आणि सम, विषम, तीक्ष्ण व मंद असे अग्नीचे चार प्रकार सांगितले आहेत. पचनशक्ती माणसागणिक वेगळी असते, हा विचार या भूमीला नवा नाही.

मराठीत 'अंगी लागणे' असाही एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. अन्न पोटात जाणे, ते पचणे आणि ते अंगी लागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचे म्हणणेही याहून वेगळे नाही. लहान आतड्यातून अन्न किती वेगाने पुढे जाते आणि त्यातील किती अन्न रक्तात शोषले जाते, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित असले तरी एक नव्हेत. या दोहोंची गल्लत झाली, तर सुखवस्तू घरात ती अनावश्यक पथ्यांना आणि चूर्णांना कारणीभूत ठरते. मेळघाटातील कुपोषित बालकाच्या बाबतीत मात्र तिची किंमत फार मोठी असते. म्हणून या विषयाचे शास्त्रीय विवेचन आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) लहान आतड्याची रचना व त्यातील पचनाचा वेग ही संकल्पना स्पष्ट करणे.
२) या वेगावर परिणाम करणाऱ्या व्यक्तिगत शरीरभेदांचे विवेचन करणे.
३) वऱ्हाडातील आहार व पाणी यांच्याशी या भेदांचा संबंध तपासणे.
४) मेळघाटातील बालकुपोषणाच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व विशद करणे.

लहान आतडे : रचना व कार्य

लहान आतड्याचे ग्रहणी, रिक्तांत्र आणि शेषांत्र असे तीन भाग पडतात. ग्रहणी हा सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा पहिला भाग होय. जठरातून आलेल्या आम्लयुक्त अन्नरसात येथे स्वादुपिंडाचा रस व पित्त मिसळते. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे विघटन येथून वेग घेते. विघटनाचा अखेरचा टप्पा आतड्याच्या अस्तरावरच पार पडतो, कारण दुग्धशर्करा, इक्षुशर्करा इत्यादींचे विघटन करणारी विकरे अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावर असतात.

या अस्तरावर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात. रसांकुर आणि त्यांच्या पेशींवरील सूक्ष्म तंतू यांमुळे शोषणाचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. जुन्या पाठ्यपुस्तकांतून हे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे सांगितले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनानुसार ते सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढे आहे. रसांकुरांवरील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने तयार होतात. अस्तर सतत नवे होत असल्यामुळे ते लवकर बिघडू शकते आणि परिस्थिती अनुकूल असल्यास सुधारूही शकते. ही बाब पुढील विवेचनात कळीची आहे.

वेगाची संकल्पना व मापन

आतड्याच्या भिंतीतील स्नायूंच्या हालचाली दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात अन्नरस जागच्या जागी घुसळला जातो, तर क्रमसंकोचामुळे तो पुढे ढकलला जातो. उपाशी अवस्थेत साधारणपणे दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून शेषांत्रापर्यंत आकुंचनाची एक जोरकस लाट जाते आणि उरलेसुरले अवशेष झाडून नेते. जेवताच ही लाट थांबते व घुसळणे सुरू होते. त्यामुळे दिवसभर काही ना काही तोंडात टाकत राहणाऱ्या व्यक्तीच्या आतड्याला ही झाडलोट करण्यास पुरेशी उसंत मिळत नाही.

वेग मोजण्याच्या पद्धतींपैकी श्वासातील हायड्रोजनची चाचणी सोपी आहे. न पचणारी लॅक्ट्युलोज ही शर्करा पाजल्यानंतर ती मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जिवाणू तिच्यापासून हायड्रोजन तयार करतात व तो श्वासात उतरतो. मात्र लॅक्ट्युलोज स्वतःच आतड्यात पाणी ओढत असल्याने या चाचणीत वेग प्रत्यक्षाहून काहीसा अधिक दिसतो. किरणोत्सर्गी खुणेचे अन्न देऊन त्याचा मार्ग पाहणे ही अधिक अचूक पद्धत होय.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी १९८६ मध्ये अशा अनेक मापनांचा एकत्रित आढावा घेतला. औषधाची गोळी, बारीक कण किंवा द्रावण यांपैकी काहीही असले, तरी लहान आतडे पार करण्यास साधारणपणे तीन तास, एखादा तास इकडे-तिकडे, लागतात असे त्यांना आढळले. बिनतारी कॅप्सूलच्या साहाय्याने झालेल्या मापनांत निरोगी व्यक्तींसाठी अडीच ते सहा तास ही मर्यादा मानली गेली. निरोगी माणसांतील हा फरक दुपटीच्या आसपासचा आहे, दहा पटींचा नव्हे.

मग पंगतीतील त्या तिघांत एवढा फरक का दिसतो? याचे उत्तर बऱ्याच अंशी लहान आतड्याच्या आधी आणि नंतर आहे. पोट जड राहणे ही मुख्यतः जठराची बाब आहे. जठर आपल्यातील अन्न ग्रहणीत थोडेथोडे सोडते. तुपात बुडवलेल्या रोडग्यातील स्निग्धांश ही गती आणखी मंद करतो. शौचाची घाई किंवा बद्धकोष्ठ ही प्रामुख्याने मोठ्या आतड्याची बाब होय. लखनौ येथील संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या आतड्याच्या वेगासाठी भारतीयांकरिता चाचणीची वेगळी पद्धत सुचवली, कारण पाश्चात्त्यांच्या तुलनेत भारतीयांत हा वेग अधिक असतो. दिवसातून किती वेळा शौचास होते यावरून लहान आतड्यातील पचनाचा अंदाज बांधणे म्हणूनच योग्य नाही.

व्यक्तिगत शरीरभेद

अ) लांबी व राखीव क्षमता : प्रौढ व्यक्तीच्या लहान आतड्याची लांबी साधारणपणे तीन ते आठ मीटर इतकी बदलते. एवढी तफावत असूनही बहुतेकांच्या पोषणात तिच्यामुळे फरक पडत नाही, कारण निरोगी आतड्यात बहुतांश शोषण वरच्या भागातच पूर्ण होते व खालचा भाग राखीव राहतो. शस्त्रक्रियेनंतर २०० सेंटिमीटरहून कमी आतडे उरले, तरच लांबी ही गंभीर अडचण ठरते. स्वादुपिंडाचेही असेच आहे. स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या विकराचे प्रमाण सामान्याच्या एक दशांशाखाली गेल्याशिवाय मलातून चरबी जाऊ लागत नाही, असे अमेरिकेतील १९७३ च्या संशोधनात दिसून आले. निसर्गाने पचनसंस्थेला भरपूर राखीव सामर्थ्य दिले आहे. 'विकरे कमी पडतात' असे सांगून विकल्या जाणाऱ्या पाचकांकडे निरोगी व्यक्तीने याच दृष्टीने पाहावे.

ब) आनुवंशिक विकरभेद : दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुसंख्य मानवांत बालपणानंतर कमी होत जाते. काही समाजांत मात्र ते आयुष्यभर टिकते. त्यामागील जनुकीय बदल २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी शोधला आणि तोच बदल भारतातील पशुपालक समाजांतही आढळतो, असे २०१२ च्या अभ्यासाने दाखवले. वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना भारतात त्याचे प्रमाण घटत जाते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दुग्धशर्करा न सोसणाऱ्यांचे प्रमाण दिल्लीत २७.४ टक्के, तर तिरुवनंतपुरम व पाँडिचेरी येथे ६६.६ टक्के आढळले होते.

लॅक्टेज अपुरे असल्यास न पचलेली दुग्धशर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, द्रव वाढतो आणि अन्नरस वेगाने पुढे सरकतो. येथे वेगवान पचन झाले असे वाटते. वस्तुतः ते न पचण्याचे लक्षण आहे. चरकसंहितेत मृदू कोष्ठाच्या व्यक्तीला दुधानेही रेच होतो असे निरीक्षण आले आहे, हे या संदर्भात लक्षणीय आहे. तथापि अशा व्यक्तीही एका वेळी कपभर दूध, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा, बहुधा सोसू शकतात. दह्यातील जिवाणू या शर्करेच्या पचनास मदत करत असल्याने दही व ताक अधिक सोसते.

क) वय, लिंग व गर्भावस्था : वयानुसार जठर व मोठे आतडे काहीसे मंदावते, परंतु निरोगी वृद्धांच्या लहान आतड्याचा वेग फारसा बदलत नाही. स्त्रियांत जठर रिकामे होण्यास पुरुषांपेक्षा अधिक वेळ लागतो. लहान आतड्यातील फरक मात्र अल्प आहे. गर्भावस्थेत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याच्या स्नायूंचा ताण कमी होतो व शेवटच्या महिन्यांत वेग स्पष्टपणे मंदावतो. याच काळात लोह व कॅल्शियम यांचे शोषण वाढते. म्हणून गर्भवतीने पोट जड वाटते या कारणास्तव जेवण तोडण्याऐवजी तेच अन्न थोडेथोडे करून अनेक वेळा घेणे हिताचे असते.

ड) संप्रेरके व रोग : अन्नातील स्निग्धांश शेषांत्रापर्यंत पोहोचला, तर तेथून स्रवणारी संप्रेरके वरच्या भागाची गती रोखतात. या व्यवस्थेला शेषांत्राचा लगाम म्हणता येईल. थायरॉइडचा स्राव वाढल्यास आतड्याचा वेग वाढतो, घटल्यास तो मंदावतो. दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त मज्जातंतूंना इजा झाल्यास गती मंद, वेगवान किंवा अनियमित होऊ शकते. अन्नरस रेंगाळला की लहान आतड्यात जिवाणूंची अतिरिक्त वाढ होते व पोषणद्रव्यांत ते वाटेकरी होतात.

वऱ्हाडातील आहार व पाणी

ज्वारीची भाकरी हा वऱ्हाडचा पिढीजात आहार आहे. ज्वारीतील काफिरिन नावाची प्रथिने पाण्यात शिजवल्यावर परस्परांशी घट्ट बांधली जातात आणि विकरांना सहज दाद देत नाहीत. पिष्टाचे पचनही त्यामुळे सावकाश होते. शेतात राबणाऱ्या निरोगी प्रौढास हे उपकारक आहे, कारण भूक उशिरा लागते. आतडे दुबळे झालेल्या बालकाच्या बाबतीत मात्र तेच अन्न अपुरे पडू शकते. पेरू देशातील बालकांवर १९८१ मध्ये झालेल्या अभ्यासात पूर्ण ज्वारीच्या लापशीतील प्रथिनांचा निम्म्याहून कमी भाग शोषला गेला होता. कोंडा काढून विशेष प्रक्रिया केल्यावर हे प्रमाण पुष्कळ वाढले. आंबवल्यानेही ज्वारीतील प्रथिने अधिक पचनीय होतात.

वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या पिठाची आंबील असते. आंबवण्याचे हे तंत्र सणापुरते न ठेवता बालकांच्या रोजच्या आहारात आणणे शक्य आहे. ज्वारीसोबत तुरीचे वरण दिल्यास ज्वारीत कमी असलेल्या लायसिनची भरपाई होते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षार अधिक असतात. क्षारांपैकी मॅग्नेशियम व सल्फेट आतड्यात नीट शोषले जात नाहीत व पाणी धरून ठेवतात. सल्फेटचे प्रमाण लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास पाणी रेचक ठरू शकते. असे पाणी नवख्याचे पोट बिघडवते, तर नेहमी पिणाऱ्यास त्याची सवय होते. अशा ठिकाणी 'आमच्या गावचे पाणी पाहुण्याला मानवत नाही' या म्हणण्याला शास्त्रीय आधार मिळतो. हा भेद जन्मजात नव्हे, तर सवयीने घडलेला आहे.

मेळघाट : अस्तराचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांचा मेळघाट प्रदेश १९९० च्या दशकापासून बालमृत्यू व कुपोषणासाठी राज्यभर चर्चेत आहे. येथे प्रामुख्याने कोरकू समाज राहतो. अंगणवाडीचा पूरक आहार, ग्राम बाल विकास केंद्रे, २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना अशा अनेक उपायांचा अवलंब झाला. तरीही आहार मिळूनही बालकाचे वजन वाढत नाही, असा अनुभव कुपोषणाच्या क्षेत्रात वारंवार येतो. अशा वेळी दोन स्पष्टीकरणे सहज पुढे केली जातात. आईने आहार मुलाला दिला नसावा, हे पहिले. या समाजाची शरीरयष्टीच मुळात लहान, हे दुसरे. लहान आतड्याचे विज्ञान या दोन्हींबाबत सावध करते.

अस्वच्छ पाणी व परिसर यांमुळे आतड्यात जिवाणूंचा सतत शिरकाव होत राहिला, तर रसांकुर आखूड व बोथट होतात, अस्तराची गाळणी सैल पडते आणि शोषण घटते. या स्थितीस पर्यावरणजन्य आंत्रदोष असे म्हणता येईल. बालकाला जुलाब असतीलच असे नाही. ते आजारी दिसत नाही, केवळ वाढत नाही. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये उष्ण कटिबंधातील आंत्रविकारांवर अनेक दशके महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

हा दोष वंशाचा की परिसराचा, याचा उलगडा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी केला. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, राहून आलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या आतड्यातही हेच बदल झाले होते आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून निघाले. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय व पाकिस्तानी व्यक्तींचे शोषणही तेथील वास्तव्य वाढत गेले तसे सुधारत गेले. यावरून अस्तराचा हा भेद वंशाने ठरत नाही, तो परिसराने घडतो व परिसर बदलल्यास सुधारतो, हे स्पष्ट होते.

मेळघाटातील पाण्याचा प्रश्न किती गंभीर आहे, हे जुलै २०२२ मध्ये दिसून आले. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यामुळे अतिसाराची साथ पसरली व काहींना प्राण गमवावे लागले. साथीची बातमी होते. त्याच पाण्याने वर्षानुवर्षे बालकांच्या रसांकुरांची होणारी झीज मात्र कोणत्याही नोंदवहीत येत नाही. अतिसारानंतर रसांकुरांच्या टोकांवरील लॅक्टेज प्रथम नष्ट होते. त्यामुळे ज्या बालकाला कालपर्यंत दूध पचत होते, त्यालाही काही दिवस ते सोसेनासे होऊ शकते. हा बदल तात्पुरता असतो. त्यावरून 'याला दूध चालतच नाही' असा कायमचा शिक्का मारणे चुकीचे ठरेल. आईचे दूध तर या काळातही मुळीच बंद करू नये.

झीज झालेल्या आतड्यातही ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेण्याचे कार्य बऱ्याच अंशी शाबूत राहते. जलसंजीवनी याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करून असंख्य प्राण वाचवले. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जुलाब झालेल्या बालकांना जलसंजीवनीसोबत १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली आहे. जुलाब थांबताच ही मात्रा बंद केली जाऊ नये, कारण तिचा लाभ पुढील आजार टाळण्यासाठीही होतो.

तथापि स्वच्छतेचे साधे उपाय पुरेसे आहेत असे मानणेही उचित नाही. बांगलादेश, केनिया (२०१८) व झिंबाब्वे (२०१९) येथील मोठ्या प्रयोगांत साधी शौचालये, पाण्याचे घरगुती निर्जंतुकीकरण व हात धुण्याची सोय यांमुळे बालकांच्या उंचीत वाढ झाली नाही. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी आहे असा नसून, तुटपुंजी स्वच्छता पुरत नाही असा घ्यावा लागतो. बारमाही, नळाद्वारे येणारे शुद्ध पाणी आणि पोषक आहार या दोहोंची एकाच वेळी गरज आहे.

निष्कर्ष

१) निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यातील वेगात फरक असतो, पण तो मर्यादित असतो. पोट जड किंवा हलके वाटण्याचे कारण बहुधा जठरात वा मोठ्या आतड्यात असते.
२) वेग अधिक म्हणजे पचन चांगले, हा समज चुकीचा आहे. दुग्धशर्करेच्या उदाहरणात वाढलेला वेग हा अपचनाचा परिणाम आहे.
३) लांबी व विकरांचे प्रमाण यांतील बहुतेक जन्मजात भेद राखीव क्षमतेमुळे झाकले जातात. पोषणावर मोठा परिणाम करणारा भेद अस्तराच्या स्थितीचा आहे आणि तो बहुतांशी परिसराने घडतो.
४) आंबवणे व डाळीची जोड देणे हे वऱ्हाडातील पारंपरिक उपाय ज्वारीच्या आहाराचे मूल्य वाढवतात.
५) आहार मिळूनही वजन न वाढणाऱ्या बालकाच्या बाबतीत आईस दोष देण्यापूर्वी पाणी, परिसर व वारंवार होणारे संसर्ग यांची तपासणी व्हावी.

समारोप

व्यक्तिगत शरीरभेद हे वास्तव आहे. त्यांतील काही निसर्गदत्त आहेत व ते स्वीकारून आहार ठरवता येतो. काही मात्र माणसाच्या राहणीने व व्यवस्थेच्या उणिवांनी निर्माण केलेले आहेत. अकोल्यातील प्रौढाला ताक मानवते आणि दूध मानवत नाही, हा पहिल्या प्रकारचा भेद होय. मेळघाटातील बालकाला अंगणवाडीत मिळालेला आहार अंगी लागत नाही, हा दुसऱ्या प्रकारचा असू शकतो आणि त्यास त्याची 'प्रकृती' म्हणून सोडून देता येत नाही. पोषण योजनेचे यश ताटात किती वाढले यावर मोजले जाते. ते किती अंगी लागले यावर मोजले जाईल, तेव्हा आहाराइतकेच महत्त्व गावच्या विहिरीला द्यावे लागेल. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते. ते निरोगी राहील असा परिसर देणे ही समाजाची जबाबदारी आहे.